ऑटो-पे आजच बदल

सांगली

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर म्हणालास, "आई, क्रेडिट कार्डाचं बिल दर महिन्याला भरतोय, एकदाही चुकवलं नाही, तरी आकडा खाली का येत नाही?" तू पाठवलेलं कार्डाचं स्टेटमेंट काल रात्री सावकाश वाचलं. आकड्यांचं बोलणं फोनवर नीट होत नाही, म्हणून लिहूनच पाठवते.

तुझी बाकी ६०,००० रुपये. व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे २,१०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ३७८ रुपये. झाले २,४७८. तुझ्या खात्यातून वळते झाले ३,०००, कारण तेवढाच मिनिमम ड्यू, म्हणजे त्या महिन्यात भरावीच लागणारी किमान रक्कम, होता. म्हणजे मूळ रक्कम उतरली ५२२ रुपयांनी. त्याच कार्डावर एकदा गाडीत पेट्रोल भरलंस की ते ५२२ही गेले.

कार्ड घेताना तू ऑटो-पे लावलास ते चांगलंच केलंस. पण त्यात दोन पर्याय असतात, पूर्ण रक्कम आणि किमान रक्कम. तुझ्याकडे किमान रक्कम निवडलेली आहे. म्हणून तुला वाटतं की बिल भरलं जातंय. ॲप उघड आणि आधी ते 'टोटल अमाउंट ड्यू'वर टाक.

दुसरी गोष्ट तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. कार्डावरच्या खरेदीला साधारण २० ते ५० दिवस व्याज लागत नाही, हे खरं. पण ती सवलत मागचं बिल पूर्ण फेडणाऱ्यालाच मिळते. बाकी राहिली की ती थांबते, आणि मग नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज धरतात. तू शनिवारी मागवलेल्या जेवणाचं व्याज शनिवारीच सुरू होतं, ड्यू डेटपासून नाही. म्हणून बाकी शून्य होईपर्यंत ते कार्ड कपाटात ठेव. किराणा, पेट्रोल, सगळं यूपीआयने कर, खात्यातले पैसे जाऊ देत. रिवॉर्ड पॉइंटांचा विचारही करू नकोस, या व्याजापुढे ते काहीच नाहीत. आणि कार्डाने एटीएममधून रोख तर कधीच काढू नकोस. तिथे बिनव्याजी मुदत नसतेच, वर काढल्याचं शुल्क वेगळं.

आता फेडायचं कसं. तुझी एक लाखाची एफडी आहे, ती मोड. तू "एफडीला हात लावायचा नाही" म्हणतोस, आणि बचतीबद्दलची तुझी ही शिस्त मला फार आवडते. पण हिशेब बघ. एफडीवर तुला वर्षाला सात टक्के मिळतात. कार्डावर तू वर्षाला ४२ टक्के देतोस, जीएसटी धरला तर पन्नासच्या जवळ. मुदतीआधी मोडल्याबद्दल बँक व्याजातून एखादा टक्का कापेल, कापू दे. साठ हजार एकरकमी भर, उरलेल्या चाळीस हजारांची पुन्हा एफडी कर. भरल्यानंतर पुढच्या स्टेटमेंटमध्ये थोडं व्याज आलेलं दिसेल. ते बिल निघाल्यापासून तू पैसे भरलेस त्या दिवसापर्यंतचं असतं. घाबरू नकोस, तेही पूर्ण भर, म्हणजे खातं स्वच्छ होईल. कार्ड कंपनीचा माणूस फोन करून "ईएमआय करून देतो" म्हणेल. तुझ्याकडे एफडी आहे, तुला त्याची गरज नाही.

तू म्हणालास, "पण माझा सिबिल स्कोअर ७७२ आहे, म्हणजे सगळं ठीक असणार ना?" नाही रे. तो स्कोअर म्हणजे कर्ज वेळेवर फेडण्याच्या सवयीला दिलेले गुण. मी इतकी वर्षं बँकेच्या कर्ज विभागात बसते. अर्जदाराचा स्कोअर ३०० ते ९०० मध्ये कुठे आहे हे आम्ही पाहतो ते आमचे पैसे बुडणार नाहीत ना, एवढ्यासाठी. त्या माणसाच्या हातात महिनाअखेर काही उरतं का, हे तो आकडा सांगत नाही. तुझं लिमिट तीन लाखांचं. त्यातले साठ हजार वापरलेले, म्हणजे २० टक्के. किमान रक्कम वेळेवर जाते. म्हणून स्कोअर छान आहे, आणि तरीही महिन्याला अडीच हजार रुपये वाया चाललेत. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

स्कोअर जपायचा मात्र आहेच. दोन वर्षांनी तुम्हाला घर घ्यायचंय, आणि गृहकर्जाचा दर आता बऱ्याच बँका स्कोअर बघून ठरवतात. एकाच वेळी चार ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकू नकोस, प्रत्येक चौकशीची नोंद होते. तू स्वतः आपला रिपोर्ट पाहिलास तर स्कोअर कमी होत नाही. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो काढ आणि नुसता आकडा पाहू नकोस, खाली खात्यांची यादी असते ती वाच. आपलं नसलेलं एखादं कर्ज आपल्या पॅनवर दिसलेले लोक माझ्या टेबलापाशी येऊन रडलेले मी पाहिलेत. तसं काही दिसलं तर लगेच लेखी तक्रार करायची. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

आणि वसुलीवाल्याने "थोडं कमी भरा, सेटल करून टाकू" असं कधी म्हटलं तर हो म्हणू नकोस. रिपोर्टमध्ये 'सेटल्ड' असा शेरा वर्षानुवर्षं राहतो, आणि पुढची फाईल हातात घेणारा अधिकारी तोच आधी बघतो. तुझ्यावर ती वेळ आलेली नाही, येऊही देऊ नकोस.

बाबांना मी काही सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही ते तू ठरव. ते रागावणार नाहीत, एवढं मला माहीत आहे. एफडी मोडून पैसे भरलेस की पावती मला व्हॉट्सॲपवर पाठव, आणि पुढच्या महिन्याचं स्टेटमेंटही. आपण दोघं मिळून बघू.

तुझी,
आई