चि. मृणाल हिस, गाडीच्या टायरांविषयी

छत्रपती संभाजीनगर,
दि. १४ मार्च २०२६

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठविलेली तुझ्या डस्टर गाडीच्या टायरांची छायाचित्रे मोठी करून नीट पाहिली. खाचा अजून तीन-साडेतीन मिलिमीटर तरी शिल्लक दिसतात, त्यामुळे १.६ मिलिमीटरच्या कायदेशीर मर्यादेला, म्हणजे खाचांच्या तळाशी असलेल्या आडव्या उंचवट्यांना, रबर टेकायला अवकाश आहे, हे तुझे म्हणणे बरोबर आहे. तरीही टायर मे महिन्याच्या आत बदलावेत असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण झीज नसून वय आहे. टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत ३८१७ असा आकडा आहे. त्याचा अर्थ हा टायर २०१७ सालच्या अडतिसाव्या आठवड्यात तयार झाला, म्हणजे त्याला आता साडेआठ वर्षे होत आली. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करावी आणि दहा वर्षांनंतर टायर कसाही दिसत असला तरी काढून टाकावा, असे बऱ्याच टायर कंपन्या सांगतात. पण विदर्भाच्या उन्हात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी दहा वर्षे फार झाली. तुझ्या दुसऱ्या छायाचित्रात कंपनीच्या नावाच्या खाली केसासारख्या बारीक भेगा स्पष्ट दिसतात. रबर कडक होऊ लागल्याची ती खूण आहे.

रस्त्यावर दहा वर्षांहून जुन्या गाड्या अशाच जुन्या टायरांवर धावताना तू पाहत असशील. त्यांतल्या बऱ्याच गावातल्या गावात चाळीसच्या वेगाने फिरतात. तू मात्र महिन्या-दोन महिन्यांनी वर्ध्याहून इकडे समृद्धी महामार्गाने येतेस. तिथे कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, खाली तापलेले काँक्रीट असते आणि तासन्‌तास वेग कमी करण्याचा प्रसंग येत नाही. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू रस्त्याला टेकताना वाकते आणि वर जाताना सरळ होते. एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवलेली तार जशी तापते, तसा टायरही आतून तापत जातो. हवा कमी असेल तर हे वाकणे वाढते आणि उष्णताही वाढते. जुन्या टायरात रबर आणि पोलादी तारांचे पट्टे यांची पकड आधीच ढिली झालेली असते, ती या उष्णतेत सुटते आणि टायर फुटतो. म्हणून गाडीला बाजारात आज दोन-अडीच लाखच येतील, मग टायरवर एवढा खर्च कशाला, हा तुझा हिशेब मला मान्य नाही. डस्टरची नोंदणी २०३० पर्यंत आहे, इंजिन उत्तम आहे आणि टायर घ्यायचे ते तुझ्या वेगाकडे व रस्त्याकडे पाहून.

आता दुकानदाराने सुचविलेल्या २३५ मापाच्या ऑल टेरेन, म्हणजे कच्च्या रस्त्यांवरही चालावेत म्हणून मोठ्या रबरी ठोकळ्यांचे केलेल्या टायरांविषयी. तुझ्या गाडीचे मूळ माप २१५/६५ आर १६ आहे, म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १६ इंची, आणि तेच ठेवावे. २३५/६५ घेतल्यास चाकाचा व्यास ६८६ मिलिमीटरवरून ७१२ वर जातो. मग मीटर १०० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात १०४ च्या वेगाने धावत असते, स्टिअरिंग जड होते आणि पूर्ण वळवलेले चाक आतल्या प्लास्टिकला घासू शकते. मापापुढे ९८ एच असे लिहिलेले असते, तेही पाहून घे. ९८ म्हणजे एका टायरवर ७५० किलोपर्यंत भार आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची वेगमर्यादा. यापेक्षा कमी आकडा किंवा खालचे अक्षर स्वस्त मिळाले तरी नको.

जनावरे तपासायला तुला पावसाळ्यात पाणंद रस्त्यांनी जावे लागते, म्हणून ऑल टेरेनचा मोह मी समजू शकतो. परंतु तिथली काळी माती ओली झाली की तिचा लगदा कोणत्याही खाचांत दोन मिनिटांत गच्च बसतो आणि चाक गुळगुळीत होऊन जागीच फिरू लागते. फक्त पुढच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या तुझ्या गाडीला त्यातून ऑल टेरेनही फारसे काढणार नाहीत. तिथे गाडी डांबरावर ठेवून कुणाच्या ट्रॅक्टरवरून जाणेच शहाणपणाचे. उलट उरलेल्या सगळ्या रस्त्यावर त्या मोठ्या ठोकळ्यांचा आवाज येत राहतो, डिझेल जास्त लागते आणि ओल्या डांबरावर ब्रेक लावताना हायवे टेरेनपेक्षा, म्हणजे पक्क्या रस्त्यासाठी केलेल्या टायरांपेक्षा, गाडी उशिरा थांबते. तेव्हा हायवे टेरेनच घे. अपोलो, एमआरएफ, सीएट, ब्रिजस्टोन, मिशेलिन यांपैकी कोणताही चालेल. नावापेक्षा टायर ताजा असण्याला मी अधिक महत्त्व देतो. टायर तयार झाल्याच्या आठवड्याचा तो चार अंकी आकडा सहा महिन्यांच्या आतला असावा, आणि तो दुकानदाराने तोंडी न सांगता टायर बसवण्यापूर्वी तू स्वतः वाचावा.

फक्त पुढचे दोन बदलण्याचा सल्ला कुणी दिला तरी मानू नकोस. चारही एकाच वयाचे आहेत. शिवाय पुढे नवे आणि मागे जुने असले, की पावसाच्या पाण्यावर मागच्या चाकांची रस्त्यावरची पकड आधी सुटते, गाडी गिरकी घेते, आणि ती सावरणे भल्याभल्यांना जमत नाही. दोनच घेण्याची वेळ आली तर नवे मागे घालतात ते याचसाठी. स्टेपनी तर गाडीसोबत आलेली, २०१५ सालची आहे. तिच्या खाचा कोऱ्या दिसतात, पण अकरा वर्षे गाडीच्या पोटाखाली लटकून ते रबरही म्हातारे झाले आहे. म्हणून पाच टायर घ्यावेत. गेल्या सप्टेंबरपासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आहे, त्यामुळे पाचव्याचा भार थोडा हलका होईल. पैशांची अडचण असेल तर संकोच न करता कळव.

बसवून घेताना हवा भरण्याचे रबरी व्हॉल्व्ह नवे घालून घे, बॅलन्सिंग (चाकाचे वजन सगळीकडे सारखे करणे) आणि अलाइनमेंट (चाके सरळ रेषेत आणणे) करून घे, आणि पक्के बिल घे. हवा किती भरायची ते गाडीवरच्या स्टिकरवर पाहून, सकाळी टायर थंड असताना भर. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे देण्याची गरज नाही, कारण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नव्या टायरवर साच्यातून काढताना लागलेला निसरडा थर असतो, म्हणून पहिले दोन-तीनशे किलोमीटर हिंगणघाट-आर्वीच्या फेऱ्यांतच होऊ देत. शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळून घे आणि मगच समृद्धीवर गाडी आण.

तुझे,
बाबा