आवणीच्या दिवसांतली वाट

दादर, मुंबई
नागपंचमी

प्रिय मित्रा,

तुझी रजा ऐन वेळी गेली आणि कसारा लोकलमध्ये मी एकटाच चढलो. ठाणं येईपर्यंत नुसती चुटपुट लागून राहिली होती. निघताना तुला शब्द दिला होता की नुसते धबधब्यांचे फोटो पाठवणार नाही, रोजचा दिवस कसा गेला ते सविस्तर सांगेन. तेच लिहायला बसलोय. पत्र लांबणार आहे, हॉस्पिटलच्या वॉर्डातून घरी आल्यावर निवांत वाच.

वाट आपण कागदावर आखली होती तीच ठेवली. घोटीवरून बारी, कळसूबाई, मग भंडारदऱ्याच्या काठाने रतनवाडी, कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, पुढे पाचनई, हरिश्चंद्रगड, टोलार खिंडीतून खिरेश्वर आणि शेवट नाणेघाट. रतनगड आणि जीवधन या दिवसांत चढायचे नाहीत हे आपलं ठरलंच होतं. ओल्या कातळावर आणि शेवाळलेल्या पायऱ्यांवर पाठीवर ओझं घेऊन जाण्यात शहाणपण नाही. कळसूबाईबद्दल फार लिहीत नाही. १६४६ मीटरवर देवळापलीकडे काही दिसलं नाही आणि लोखंडी शिड्यांवर शनिवारची रांग होती. खरी वाट रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ मागे टाकल्यावर सुरू झाली.

त्या पट्ट्यातला पाऊस आपल्या दादरच्या पावसासारखा कोसळून मोकळा होत नाही. समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीच्या कड्यावर आपटतो, वर चढतो, थंड होतो आणि सगळं पाणी कड्याच्या माथ्यावरच टाकून देतो. घाटघर आणि रतनवाडी अगदी त्या माथ्याला लागून. तिथून पूर्वेला अकोले गावापर्यंत उतरत गेलं की त्याच तालुक्यात पाऊस रिमझिमीवर येतो. कात्राबाईच्या खिंडीत वाटाड्या दादांनी मला उभं केलं आणि काठीने सह्याद्रीच्या कड्याच्या दोन्ही बाजू दाखवल्या. पश्चिमेला पडलेलं पाणी शहापूरकडे उतरून भातसेला मिळतं, म्हणजे तुझ्या-माझ्या नळाला येतं. पूर्वेचं मुळेत जातं, मुळा प्रवरेला, प्रवरा गोदावरीला, आणि ते पार बंगालच्या उपसागरापर्यंत पोचतं. मी किती तरी वेळ तिथे भिजत उभा राहिलो. एवढी वर्षं पालिकेच्या तलावांचे आकडे पेपरात वाचतोय, पण ते पाणी कुठून निघतं हे पायाखाली कधी पाहिलं नव्हतं.

आता रोजच्या दिवसाबद्दल. सगळा दिवस एका गोष्टीभोवती फिरतो: एक जोड कपडे कोरडे राहिले पाहिजेत. सॅकला बाहेरून लावायचं कव्हर दुपारपर्यंत हार मानतं, म्हणून आत जाड प्लास्टिकची पिशवी, तिच्यात आणखी एक पिशवी, आणि तिच्यात झोपायचे कपडे नि अंथरूण. ते कपडे फक्त रात्री घालायचे. पहाटे उठलं की ते काढून पुन्हा कालचे ओले, गार कपडे चढवायचे. दिवसातला सगळ्यात कठीण क्षण तोच. ओला बनियन पाठीला टेकला की अंगावर सर्रकन काटा येतो. कोरडे घालून निघावं असं दर सकाळी मनात येतं आणि दर सकाळी ते मोडून काढावं लागतं. चालायला लागलं की पाऊण तासात अंग तापतं आणि ओलं-कोरडं हा विचारच डोक्यातून जातो. त्या पाऊण तासासाठी एखाद्या घरचा कोरा चहा पोटात असावा.

खाणं साधंच होतं. वाटेत खजूर, शेंगदाणे, भिजवलेले पोहे. संध्याकाळी ज्या घरी टेकू तिथे भात, नाचणीची भाकरी आणि रानभाजी. कुर्डू, टाकळा, भारंगी. भारंगीचा कडवटपणा तुला आवडला असता. एका रात्री खेकड्याचा रस्सा होता. त्या घरची मुलं दिवसभर ओढ्यात दगड उलटत होती ते त्यासाठी.

ओढ्यांबद्दल मात्र नीट सांगायला हवं, कारण जुलैत मुंबईची माणसं तिथेच जिवाला मुकतात. कुमशेतच्या अलीकडे एक ओढा आडवा आला. पाणी गुडघ्याएवढंच दिसत होतं, मी पाय टाकणारच होतो. दादांनी दंड धरला आणि पाण्यावरून वाहत येणाऱ्या काड्या-पाचोळ्याकडे बोट केलं. पाणी गढूळ लाल होतं आणि काठावरचं वाळकं पान उचलून नेत होतं, म्हणजे वर कुठे तरी जोर झाला होता आणि लोंढा चढतीवर होता. आम्ही करवंदीच्या जाळीखाली बसून राहिलो. काठावरचा एक काळा दगड त्यांनी हेरून ठेवला होता. तो बघता बघता बुडाला, बराच वेळ दिसेना, मग त्याचं टोक हळूहळू वर आलं. इथे कातळावर मातीचा थर पातळ, पाणी मुरायला जागा नाही, म्हणून ओढा चढतो झपाट्याने आणि पाऊस उघडला की उतरतोही तितक्याच लवकर. थांबणं एवढंच करायचं असतं. पाणी उतरल्यावर सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवला, म्हणजे पाय घसरलाच तर सॅक टाकून देता यावी, आणि प्रवाहाकडे तोंड करून काठीच्या आधाराने एकेक पाऊल सरकलो. आपल्याकडे लोक रविवारी दुपारी पोचतात, संध्याकाळची गाडी गाठायची असते, म्हणून थांबत नाहीत. मला याचा खरोखर राग येतो. घरून निघतानाच एक जादा दिवस हाताशी ठेवायला काय हरकत आहे?

हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत पाणी छातीपर्यंत होतं. चार खांबांपैकी एकच धड उरलाय हे आपल्याला माहीतच आहे, पण बाहेर ढगांचा गडगडाट आणि आत त्या एका खांबाला हात लावून बर्फगार पाण्यात उभं राहणं, तिथे तू हवा होतास. नाणेघाटात वाऱ्याने धबधब्याचं पाणी कड्यावरून परत वर फेकताना पाहिलं. जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण काठोकाठ भरलेला होता, आणि सातवाहन राणी नागनिकेचा लेख असलेल्या लेण्यात गुरं आडोशाला बसली होती. दोन हजार वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांचे तांडेही याच आडोशाला थांबले असतील.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते कुमशेतच्या घराबद्दल. आवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू होती. बायका दिवसभर कंबरेत वाकून, पोटऱ्यांएवढ्या चिखलात उभ्या. पाठीवर कुणाच्या इरलं, कुणाच्या प्लास्टिकचा कागद. संध्याकाळी मी ओट्यावर चढलो तर घरच्या मावशी म्हणाल्या, "पाय धुवा नि आगटीपाशी बसा, बाकी मागनं." घराच्या पश्चिमेच्या अंगाला गवताचे पेंढे बांधलेले, झड आत येऊ नये म्हणून. आत एका बाजूला गुरं, मधे चूल, आणि चुलीवर टांगलेल्या बांबूच्या चौकटीत लाकडं वाळत घातलेली. माझे बूट त्यांनी विस्तवापासून दोन हात लांब ठेवले, जवळ ठेवले तर तळ सुटतो म्हणाल्या, आणि आत मुलीच्या जुन्या वहीचे कागद कोंबले.

माझ्या पायांना चिखल्या झाल्या होत्या. त्यांनी लोखंडी पळीत खोबरेल गरम केलं, हळद टाकली आणि चोळायला दिलं. ते चोळताना त्यांच्या पायांकडे लक्ष गेलं. कातडी पांढरीफटक, फुगलेली. बोटांच्या बेचक्या लाल चिरलेल्या, एका बेचकीत मांस दिसत होतं. नखांच्या कडा काळ्या. त्या तशाच उकिडव्या बसून भाकऱ्या थापत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "आवणी हाय तवर असंच. मग बरं व्हतंय." माझी वाट मी हौसेने धरलेली, वाटेल तेव्हा घरी परतता येणारी. त्यांची आवणी मात्र चुकवून चालत नाही. रोप राबातून, म्हणजे ते वाढवलेल्या वाफ्यातून, उपटलं की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी लावावं लागतं. मग पाऊस असो, ताप असो.

आणखी एक. त्यांच्या सुनेच्या कमरेला, ओलं लुगडं खोचतात तिथे, गजकर्णाचे मोठे चट्टे आहेत. तिने दुकानातून आणलेली एक ट्यूब दाखवली. लावली की आठ दिवस बरं वाटतं आणि सोडली की दुपटीने उसळतं, असं ती म्हणाली. स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांबद्दल तू नेहमी तळमळून बोलतोस ते तेव्हा आठवलं. ट्यूबचा फोटो या पत्रासोबत पाठवतोय, नीट बघ. गमबूट का घालत नाही असंही विचारलं. आत पाणी शिरतं आणि चिखलात पाय निघत नाही, असं उत्तर आलं. दवाखाना राजूरला, आणि ओढा चढला की गाडी येत नाही.

तर तुझ्याकडून मला हे हवंय. बेचक्यांसाठी कोणतं मलम, गजकर्णासाठी कोणतं, किती दिवस, आणि बरं वाटल्यावरही पुढे किती दिवस लावायचं. रात्री पाय कसे पुसायचे, हळद-खोबरेल जखमेवर चालतं की नाही, तेही लिही. मोठ्या अक्षरात, साध्या मराठीत लिही, धाकटी मुलगी आश्रमशाळेत सातवीला आहे, ती सगळ्यांना वाचून दाखवेल. सुनेला तपासल्याशिवाय औषध देता येणार नसेल तर तसं स्पष्ट सांग, मग तिला राजूरला नेण्याची व्यवस्था वाटाड्या दादांशी बोलून करतो. पुढच्या शनिवारी पहाटेच्या कसारा लोकलने मी पुन्हा निघतोय, औषधं दादरलाच घेऊन जाईन. तुला रविवारची सुट्टी जमली तर तूच चल, या वेळी डोंगर चढायचा नाही, राजूरवरून थेट गावात जायचं आहे. जमणार असेल तर गुरुवारपर्यंत कळव. तुझ्यासाठी अंथरूण आणि प्लास्टिकच्या पिशव्या माझ्याकडे आहेत.

तुझा,
दादरकर मित्र