मदत पहिल्या महिन्यापुरती नसावी

मा. संपादक यांस,
स. न.

लहान मुलाला कर्करोग झाल्याचे कळताच बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतील गावे त्या कुटुंबामागे किती तत्परतेने उभी राहतात, हे शिक्षिकेच्या नोकरीत मी जवळून पाहिले आहे. युवक मंडळ वर्गणी काढते, शाळेत निधी जमतो, महिला मंडळ भिशीतून रक्कम बाजूला काढते, गल्लीचे पंच दवाखान्यापर्यंत सोबत करतात. या माणुसकीविषयी मला नितांत आदर आहे. मात्र ही धावपळ बहुधा महिन्या-दोन महिन्यांत ओसरते आणि आजाराचा काळ त्याहून कितीतरी मोठा असतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग रक्ताचा असतो आणि त्यातील नेहमीच्या प्रकाराचे उपचार साधारण दोन ते तीन वर्षे चालतात. पहिल्या महिनाभराच्या केमोथेरपीनंतर बहुतेक मुलांच्या तपासणीत रोगट पेशी दिसेनाशा होतात, मूल पुन्हा हसू-खेळू लागते आणि पोर बरे झाले अशी बातमी गावभर होते. प्रत्यक्षात शरीरात दडून राहिलेल्या पेशींसाठी पुढचे सगळे टप्पे बाकी असतात. शेवटचा टप्पा तर वर्षाहून अधिक काळ घरीच गोळ्या घेण्याचा असतो. प्रवासाचा खर्च, बुडालेली मजुरी आणि डोक्यावरचे कर्ज यांनी थकलेले आईवडील याच काळात उपचार सोडून देण्याच्या विचाराला येतात, आणि अर्धवट सोडलेला आजार उलटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात, तर अनेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. उशिरा होणारे निदान आणि मध्येच सुटलेले उपचार ही त्यामागची मोठी कारणे आहेत. यातील दुसरे कारण बऱ्याच अंशी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हातात आहे, असे माझे ठाम मत आहे.

रक्ताचेच पाहा. गणेशोत्सवात आपली मंडळे शिबिरे घेतात आणि एका दिवसात पुष्कळ रक्त जमते. केमो घेणाऱ्या मुलाला मात्र वारंवार प्लेटलेट्स (रक्तातून वेगळ्या काढलेल्या, रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी) लागतात आणि त्या जेमतेम पाच दिवस टिकतात. सगळ्यांनी एकाच दिवशी रक्त दिले, तर पुढच्या आठवड्यात आईने कोणाकडे पाहायचे? पुरुषाला एकदा रक्त दिल्यावर तीन महिने आणि स्त्रीला चार महिने थांबावे लागते. त्यामुळे मंडळाने रक्तगटानुसार नावांची यादी करून पाळ्या लावाव्यात आणि दवाखान्यातून निरोप येताच कोणी निघायचे हे आधीच ठरवून ठेवावे.

याहून तातडीची बाब तापाची आहे. केमो चालू असताना जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. अशा मुलाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर घरी तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहणे जिवावर बेतू शकते. बेळगाव शहरात राहणाऱ्याला हे सोपे वाटेल. पण जांबोटी-कणकुंबीच्या भागात भर पावसाळ्यात मध्यरात्री ताप चढला तर वाहन कुठून आणायचे? गावातील दोन-तीन गाडीवाल्यांनी आपले क्रमांक त्या घरात लिहून द्यावेत आणि कोणत्याही वेळी निघण्याची तयारी ठेवावी. माझ्या दृष्टीने हे हजारो रुपयांच्या वर्गणीइतकेच मोलाचे आहे. वर्गात कोणाला गोवर किंवा कांजिण्या निघाल्या, तर शिक्षकांनी त्याच दिवशी पालकांना कळवावे, कारण साध्या कांजिण्याही या मुलांना घातक ठरतात. सर्दी-खोकला असलेल्याने भेटायला जाऊ नये, हे वेगळे सांगायला नको. आणि हा आजार स्पर्शाने पसरत नाही, तेव्हा डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर बाकीच्या मुलांना त्याच्याशी खेळण्यापासून कोणी अडवू नये.

कागदपत्रांचा प्रश्न आपल्या सीमाभागात अधिक गुंतागुंतीचा आहे. आयुष्मान भारत - आरोग्य कर्नाटक योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचारांचे संरक्षण आहे. दारिद्र्यरेषेवरील कुटुंबाला ठरलेल्या दराच्या ३० टक्के इतकीच मदत मिळते. दुसरीकडे सीमाभागातील ८६५ गावांना महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये घेतला. बंगळुरूच्या किडवाई कर्करोग रुग्णालयात जायचे की मुंबईच्या टाटा रुग्णालयात, यावर कोणती कागदपत्रे लागतील हे ठरते. शिफारसपत्र, रेशनकार्ड, आधारमधील नावाचे स्पेलिंग अशा गोष्टींवर दिवस जातात. अर्ज कन्नडमध्ये असला की कन्नड न येणाऱ्या आईची अवस्था बिकट होते, त्यामुळे दोन्ही भाषा जाणणाऱ्या एखाद्या तरुणाने सोबत जाऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला (योजनेबाबत रुग्णांना मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याला) सुरुवातीलाच सर्व विचारून घ्यावे. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेच्या स्लीपर व थ्री-टायर एसी डब्यात भाडे पूर्ण माफ आहे आणि सोबतच्या एका व्यक्तीला ७५ टक्के सवलत आहे. हे अनेकांना ठाऊकच नसते.

घरी राहिलेल्या भावंडाच्या जेवणाची आणि अभ्यासाची जबाबदारी एखाद्या शेजारणीने घेतली, भात लावणीला पैऱ्याने (कामाच्या बदल्यात काम या रीतीने) चार माणसे उभी राहिली, तर वडिलांना मुलाजवळ थांबता येते. झाडपाल्याचे आणि अंगाऱ्याचे सल्ले मात्र कृपया देऊ नयेत. तसेच आईने गरोदरपणात काय खाल्ले, कोणते व्रत मोडले, असल्या चौकशा तिच्यासमोर किंवा तिच्यामागे कोणीही करू नयेत. आधीच ती स्वतःला दोष देत असते.

संपादक महोदय, आपल्याला एक विनंती आहे. आजारी मुलांसाठी मदतीचे आवाहन आपण छापता, त्याच कुटुंबाच्या संमतीने सहा महिन्यांनी आणि पुन्हा वर्षाने, उपचार कोणत्या टप्प्यावर आहेत आणि आता नेमके काय हवे आहे, याची चार ओळींची नोंद प्रसिद्ध करावी. मुलाचे छायाचित्र त्यासाठी आवश्यक नाही.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
खानापूर, जि. बेळगाव