चोडणच्या खाजन बांधासाठी आवाहन

रायबंदरहून फेरीने गोव्यातल्या चोडण बेटावर येऊन खाडीकाठच्या बांधावरून चालणारे पुष्कळ आहेत. एका हाताला कांदळवनातून सरकणाऱ्या होड्या, दुसऱ्या हाताला खाजन, म्हणजे खाडीला बांध घालून केलेली भातशेती. ही पायवाट म्हणजे खारे पाणी शेताबाहेर थोपवणारा मातीचा बांध आहे. त्यातला 30 मीटरचा तुकडा खचला आहे, तो पावसाआधी भरायचा आहे.

मूळ दुखणे कुर्ल्यांचे, म्हणजे खेकड्यांचे. भोक बाहेरून लहान दिसते, आत बांध आरपार पोखरलेला असतो. भरतीला शेताकडच्या उतारावर पाझर दिसला तर पाण्याचा रंग पाहावा. स्वच्छ असेल तर अजून वेळ आहे. गढूळ असेल तर आतली माती निघाली. तोंडावर चिखल थापून भागत नाही, भोक शेवटापर्यंत उकरून ओली चिकण माती थराथराने तुडवत भरावी लागते. काँक्रीट घाला, असे दरवर्षी कोणीतरी सुचवतेच. खालचा चिखल दबतो, भिंत अधांतरी राहते आणि पाणी तळातून शिरते.

वाट दीड मीटर रुंद आहे, ती अर्धा मीटर उचलायची म्हणजे साधारण 22 घनमीटर माती, दोन हजार घमेली. माती नदीतली, फुकट. लागतात ते नदीच्या बाजूला ठोकायच्या 60 खुंटांसाठी 20 बांबू, मातीच्या थरांत घालायला भाताचा पेंढा, तळाला लावायला चिरे आणि माती आणणाऱ्या होडीचे भाडे. खुंटांसाठी कांदळ तोडायचे नाही. मानशीच्या, म्हणजे बांधातून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या, दाराची एक फळी कुजली आहे, ती सुतार बदलेल.

काम चैत्र वद्य अष्टमी-नवमीला, सकाळी 9 ते दुपारी 1. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते; अष्टमीची भरती सहाला येते, म्हणजे ओहोटी बाराच्या सुमारास. शिवाय अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती फार चढत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओली माती टिकत नाही. 40 माणसे हवीत. टोपी, पाणी, जुने कपडे आणा. चपला बांधाखाली राहतील, माती अनवाणीच तुडवली जाते.

येता येत नसेल तर वस्तू किंवा पैसे चालतील, पावती मिळेल. होडीवाल्यांनी बांधाजवळ इंजिन मंद ठेवावे, लाटा पायथाच खातात. नवी माती सुकेपर्यंत, किमान तीन आठवडे, त्या तुकड्यावरून कोणीही चालू नये.

— खाजन शेतकरी, चोडण