चुवाश लोकांचा ड्रॅगन आणि आपला अहि

संपादकसाहेब, नमस्कार. ड्रॅगन म्हटलं की तुमच्या रविवार पुरवणीत कायम चीनच असतं, पण रशियात व्होल्गाकाठी चुवाश लोक राहतात, तुर्की कुळातली भाषा बोलतात, त्यांच्या गोष्टींवरही एकदा छापा की. त्यांचा 'वेरी शेलेन' म्हणजे शब्दशः तापलेला साप, हवेतून आगीसारखा उडत येतो आणि रात्री माणसाचं रूप घेऊन बायका-पुरुषांकडे जातो, म्हणजे राक्षस कमी नि प्रियकर जास्त! दुसरा 'अश्ताहा', हा शब्द फारसी अझदहावरून आलेला, आणि त्यातला 'अझि' म्हणजे साप, आपल्या ऋग्वेदात वृत्राला ज्या 'अहि' शब्दाने ओळखतात, त्या शब्दाचाच सख्खा भाऊ. शेजारच्या कझान शहराच्या चिन्हावर तर झिलांत नावाचा ड्रॅगन अजून बसलाय.

- एक वाचक, सातारा