पाया आधी, पॅनेल नंतर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परसात धान्य-सामान ठेवायच्या खोलीचं नक्की केलं. १० बाय १२ फुटांची, ५० मिलिमीटर जाडीच्या पफ पॅनेलची, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या तयार तक्त्यांची. पॅनेल कारखान्यातच मापात कापून येतात, आपल्याकडं नुसती जोडायची. जोडणारे म्हणतात, दोन दिवसांत उभी करतो. करतीलही. पण बाबा, खालचा पाया दोन दिवसांत होत नसतो. फोनवर अर्धं राहून जातं, म्हणून सगळं लिहून पाठवतेय. मिस्त्रीलाही वाचून दाखवता येईल.

"जागा सपाटच आहे, वरूनच काँक्रीट टाकू" असं कुणी म्हटलं तर अजिबात ऐकू नका. आपलं परस काळ्या मातीचं. मे महिन्यात कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात आणि पाऊस लागला की तीच माती फुगते. ती फुगली की फरशी उचलली जाते, सांगाडा तिरपा होतो आणि दार चौकटीत बसत नाही. दोन फूट तरी काळी माती काढा आणि मुरूम भरा. तोही एकदम ओतायचा नाही. सहा इंचांचा थर, त्यावर पाणी, मग धुम्मस. तो दबला की पुढचा थर. वर दगडी सोलिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचा थर, आणि मग चार इंच काँक्रीट. जोतं दीड फूट उंच घ्या. काँक्रीटवर ओली पोती टाकून निदान सात दिवस पाणी मारत राहा. निघालेली काळी माती आईच्या वांग्या-मिरच्यांच्या वाफ्याला घाला.

दार पूर्वेलाच ठेवा. आपल्याकडं पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, हे तुम्हीच शिकवलंत. खोली घराच्या भिंतीला चिकटवू नका, तीन फूट तरी अंतर सोडा. नाहीतर तिच्या छपराचं पाणी आपल्या मातीच्या भिंतीत मुरेल. लिंबाच्या फांदीखालची जागाही नको.

वळवाच्या वाऱ्याची मला फार धास्ती वाटते. एवढी हलकी खोली नुसत्या वजनावर टिकणार नाही. प्रत्येक खांबाची बेसप्लेट, म्हणजे तळाची लोखंडी पट्टी, अँकर बोल्टनं काँक्रीटमध्ये पक्की आवळलेली पाहिजे. छपराचे स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर मारायचे, खोलगट भागात नाही, आणि प्रत्येकाखाली रबरी वॉशर. बाबा, हे काम चालू असताना तिथंच खुर्ची टाकून बसा. आत दिवा घेणार आहोत, तर सांगाड्याला अर्थिंगही करून घ्या.

आई, तू म्हणालीस की साधे पत्रे निम्म्यात झाले असते. झाले असते. पण आपल्या उन्हात साध्या पत्र्याखाली दुपारी उभं राहवत नाही आणि थंडीत पहाटे तोच पत्रा आतून घामेजून पोत्यांवर ठिबकतो. आपण सोयाबीनचं बियाणं घरचं ठेवतो. त्याचं साल पातळ, उष्णतेनं आणि ओलीनं उगवण जाते. १२ टक्क्यांच्या खाली ओल आली की मगच भरा, पोती लाकडी फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब. थप्पी उंच रचू नका आणि पोतं वरून आदळू देऊ नका. पेरणीआधी नेहमीसारखे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून बघा, ७० तरी उगवले पाहिजेत.

आणखी एक. या पॅनेलच्या पोटात फोम असतो, तो पेट घेतो. म्हणून कडबा, गुळी, डिझेलचा कॅन तिथं नको, ते कोठ्यातच राहू द्या. जवळ चूल नको, आणि नंतर कुणालाही भिंतीला वेल्डिंग करू देऊ नका. फवारणीची औषधंही धान्यासोबत ठेवू नका, त्यांना कुलपाची वेगळी पेटी करू.

आता मनातलं सांगते. एवढा खटाटोप नुसत्या पोत्यांसाठी नाही. मधल्या घरात भिंतीला लागून धान्य, खताच्या गोण्या, पाइपांची भेंडोळी, तिफणीचं सामान. धान्यामागं उंदीर येतात, उंदीर भिंत पोखरतात. मागच्या दिवाळीत गोणी सरकवली तर तळहाताएवढं भगदाड निघालं, आत बोट घातलं की माती गळत होती. त्याच भिंतींवर माळवदाचं मातीचं छत पेललंय, वर्षानुवर्षं पांढरी माती चढवून जड झालेलं. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट तुम्ही दोघांनी अनुभवली आहे. किल्लारीकडं माणसं गेली ती बहुतेक अशाच जड माळवदाखाली, दगडमातीच्या भिंती ढासळल्यामुळं. आणि त्या मधल्याच घरात, सामानाच्या अरुंद बोळकांडीपलीकडं तुमच्या बाजा आहेत. रात्री आईला उठायचं झालं तरी पाय कुठंतरी अडखळतो.

म्हणून सामान हलवायचं आहे. मधलं घर मोकळं झालं की बाजा सोप्यात, दाराजवळ आणू. भिंतींतली भगदाडं बुजवून घेऊ, माळवदावरची जास्तीची माती जाणत्या माणसाकडून उतरवू. बाबा, तिफण, कुळव, आजोबांची मोट, काहीही मोडीत जाणार नाही. त्यांच्यासाठी खोलीत पश्चिमेची भिंत राखून ठेवलीय. कुठं काय टांगायचं ते तुम्हीच ठरवा.

लोक काय म्हणतील याचा विचार करू नकोस आई. पैशाचाही नको, ते माझ्याकडं आहेत आणि यासाठी खर्च करताना मला फार बरं वाटतंय.

मुरूम येईल तेव्हा ढिगाचा फोटो पाठवा. त्यात काळी माती मिसळलेली दिसली तर ट्रॉली परत करा, पैसे देऊ नका. आणि पोती तुम्ही दोघं उचलू नका. मी आणि तुमचे जावई सुट्टी काढून येतो, तोवर एकही हलवायचं नाही.

तुमची,
ताई