कोर्लईला जा, पण गाडी अलीकडेच लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला अलिबागजवळच्या कोर्लई गावावरचा आणि तिथल्या किल्ल्यावरचा लेख वाचला. फोटो झकास. ड्रोनने काढलेला असावा, कारण समुद्रात घुसलेली डोंगराची सोंड दिसते, दीपगृह दिसतं, फक्त गाव तेवढं दिसत नाही.

‘थेट दीपगृहापर्यंत गाडी जाते’ हे वाक्य ठळक अक्षरांत आहे. जाते ना! कोळीवाड्यातून जाते. समोरून रिक्षा आली तरी एकाला मागे घ्यावं लागतं, अशा गल्लीतून. मागच्या हिवाळ्यात आम्ही सहकुटुंब तिथे होतो. आमच्या पुढे एमएच 15 ची एक पांढरी मोठी गाडी. टेम्पोला वाट द्यायची म्हणून साहेबांनी ती कडेला घेतली, ती नेमकी वाळत घातलेल्या जवळ्यावर. मग रिव्हर्स घेतला, तोही त्यावरूनच. चाकाच्या खाचांत लालसर चुरा बसलेला मागून स्पष्ट दिसत होता. घरातून एक मावशी धावत आल्या. काच अर्धी खाली झाली, आतून शंभराची नोट बाहेर आली आणि पाठोपाठ ‘काय वास मारतोय!’ हेही. मावशींनी नोटेला हात लावला नाही. आधी त्यांची नंबरप्लेट वाचली, मग आमची, आणि समस्त नाशिककरांचा जो उद्धार केला तो आपल्याला छापता येणार नाही. (कोर्लईत पोर्तुगीज बोलतात, असं लेखात आहे. काही घरांत त्या वळणाची बोली आहे, खरं आहे. हा उद्धार मात्र अस्सल मराठीत होता.)

बाहेरगावच्या गाड्या रामकुंडाजवळ कशाही लावतात म्हणून आपण अग्रलेख लिहिता. 2027 च्या कुंभमेळ्यात काय होणार, म्हणून आपला जीव आत्तापासून कासावीस. मग दुसऱ्याच्या गावात आपली माणसं पाठवताना ‘गाडी अलीकडे लावा, चालत जा’ एवढी एक ओळ जड झाली?

किल्ला ‘शिवकालीन’ही नव्हे. 1594 मध्ये पोर्तुगीजांनी तो निजामशाहीकडून घेतला. मराठ्यांकडे आला तो वसईच्या मोहिमेनंतर. आणि ‘नाशिकहून एका दिवसात सहज’? जाऊन-येऊन पाचशे किलोमीटर, त्यात कसारा घाट. लेखक बहुधा ड्रोननेच गेले असावेत.

जागा सुरेख आहे, वाद नाही. दीपगृहामागच्या पायऱ्या चढून गेलं की एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कुंडलिकेची खाडी आणि पलीकडे रेवदंडा. दुपारी सावली नाही, पाणी नाही. हेही लेखात नव्हतं. आमच्या सौभाग्यवतींचे गुडघे अर्ध्यातच बोलू लागले.

जाता जाता, त्याच पुरवणीतल्या शब्दकोड्याचं उत्तर पुढच्या अंकात देऊ म्हणता आणि देत नाही. आडवे सात काय होतं, ते तरी कळवावं.

आपला नियमित वाचक,
इंदिरानगर, नाशिक